खुर्चीवरचा योग: आईची चटई कपाटामागे गेली, आता काय?

रानजाई । १२ जानेवारी, सकाळी ७:४०

आई ७२ वर्षांची आहे. आम्ही नाशिकमध्ये गंगापूर रोडला राहतो. गेली १८ वर्षं तिची सकाळ ठरलेली होती. साडेपाचला उठायचं, चटई काखेत मारायची आणि कॉलनीतल्या हॉलमधल्या योगवर्गाला जायचं. अगदी पासष्टीपर्यंत पश्चिमोत्तानासनात तिचं कपाळ गुडघ्याला टेकायचं.

आता दोन्ही गुडघ्यांची झीज झालीय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, पण मांडी घालणं, उकिडवं बसणं आणि जमिनीवरून उठबस बंद करा. दिवाळीपासून तिचा वर्ग सुटला. चटई तिने स्वतःच गुंडाळून कपाटामागे सरकवली. मी काही बोलले नाही, पण ते बघून गलबलून आलं.

मला सलतं ते हे की दुखताहेत गुडघे आणि तिने सोडलं मात्र सगळंच. खांदे ठीक आहेत, कंबर ठीक आहे, श्वासाला तर काहीच झालेलं नाही. मी खुर्चीवरच्या योगाचं सुचवलं तर म्हणाली, "खुर्चीत बसून हात हलवायचे, तर मग टीव्हीसमोर बसलेली काय वाईट?"

तर इथल्या अनुभवी मंडळींना विचारते. खुर्चीवर योग करून खरंच काही मिळतं का, की ती मनाची समजूत? कुणी आपल्या घरातल्या ज्येष्ठांना सुरू करून दिलाय का? खुर्ची कसली घ्यावी? आणि अठरा वर्षं जमिनीवर आसनं केलेल्या बाईला खुर्चीवर बसायला राजी कसं करावं?

---

डेस्कवाला । १२ जानेवारी, सकाळी ८:०५

वाचतोय. माझ्या वडिलांचीही हीच गोष्ट आहे. उत्तरं येऊ द्या.

---

कुंभक । १२ जानेवारी, सकाळी ८:५२

रानजाई, आईंच्या प्रकृतीला आराम पडो. पण माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो.

आपल्या गुडघ्यांचं जे झालंय त्याला खुर्चीही कारण आहे. आमच्या लहानपणी पंगत जमिनीवर बसायची, पूजा पाटावर, भाजी निवडणं जमिनीवर, अभ्यास जमिनीवर. दिवसातून पंचवीस-तीस वेळा माणूस खाली बसून उठायचा. मग डायनिंग टेबल आलं, सोफा आला, कमोड आला. आता योगही खुर्चीवर आला तर जमिनीशी उरलेला शेवटचा संबंध तुटेल. ज्यांना जमिनीवर बसता येतं तेसुद्धा सोयीचं म्हणून खुर्ची धरतील. आसन म्हणजे बैठक, आणि बैठक जमिनीवरच. खुर्चीवरच्या हालचालींना व्यायाम म्हणा, चांगला व्यायाम म्हणा. योग कशाला म्हणायचं?

---

सांधेजोड । १२ जानेवारी, सकाळी १०:३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिक रोडला काम करते. दिवसातले निम्मे रुग्ण गुडघ्यांचेच असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झिजलेल्या गुडघ्याला विश्रांती हवी असं घरोघरी समजतात. झीज भरून येत नाही हे खरं, पण गुडघ्यावरचा भार पेलतो तो मांडीचा पुढचा स्नायू. माणूस दुखतं म्हणून बसून राहतो, त्या स्नायूची ताकद जाते, मग सांध्यावर जास्त भार येतो आणि जास्त दुखतं. हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. जमिनीवर उठबस करून ते तोडता येत नाही, कारण तिथे गुडघा पूर्ण दुमडलेला असताना त्यावर वजन येतं. खुर्चीवर गुडघा साधारण काटकोनातच राहतो. खुर्चीचा पहिला फायदा हाच: दुखरा कोन टाळून बाकी सगळं शरीर कामाला लावता येतं.

दुसरा फायदा तोल. वय वाढलं की आम्हाला सगळ्यात मोठी धास्ती पडण्याची असते. खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभं राहता येतं. आधार हाताशी आहे म्हटल्यावर माणूस प्रयत्न तरी करतो. आधाराशिवाय सांगितलं तर भीतीनेच पाय उचलत नाही.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बसल्या जागी टाचा वर-खाली केल्या, घोटे फिरवले, की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. संध्याकाळी ज्यांचे पाय सुजतात त्यांनी करून बघावं. सूज एकाच पायावर आणि दुखरी असेल किंवा दम लागत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

मनाची समजूत आहे का, असं विचारलंत. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये खुबा, गुडघा, घोटा यांच्या संधिवाताच्या १३१ ज्येष्ठांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आठवड्यातून दोनदा ४५ मिनिटं खुर्चीवरचा योग दिला, दुसऱ्या गटाला आरोग्यशिक्षणाचे वर्ग. असं आठ आठवडे. योगवाल्या गटात दुखण्यामुळे रोजच्या कामात येणारा अडथळा कमी झाला आणि हा फरक तीन महिन्यांनंतरही दिसला. चालण्याचा वेगही सुधारला होता आणि थकवाही कमी झाला होता, पण वर्ग थांबल्यावर ते टिकलं नाही. म्हणजे फायदा खरा आहे, पण करत राहिलं तरच.

---

पाऊसवेडा । १२ जानेवारी, सकाळी १०:४४

मी इतकी वर्षं समजत होतो की खुर्चीवरचा योग म्हणजे उत्कटासन! इंग्रजीत त्याला खुर्चीचंच नाव आहे ना. त्यात खुर्ची नसतेच, आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीची आठवण मात्र फार येते. 😀

---

निफाडकर । १२ जानेवारी, दुपारी १:१५

खुर्ची फक्त म्हाताऱ्यांसाठी नाही. माझं वय ४१. द्राक्षबाग आहे. छाटणी म्हणा, विरळणी म्हणा, बागेत सगळी कामं हात वर करून आणि मान मागे टाकून. मांडवाखाली आठ तास तसं उभं राहिलं की संध्याकाळी मान वळत नाही, खांद्यांत गोळे येतात.

दोन वर्षांपूर्वी मेहुणीने एक गोष्ट शिकवली. खुर्ची भिंतीला टेकवायची, तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवायचे, पाय मागे मागे घ्यायचे आणि कंबरेतून वाकून पाठ टेबलासारखी सपाट करायची. डोकं दोन्ही दंडांच्या मधे. दहा श्वास. असं तीनदा. शेडमध्ये लोखंडी खुर्ची ठेवलीच आहे. आता आमचे मजूरही जेवणाच्या सुट्टीत करतात, रांग लागते खुर्चीला.

कुंभक साहेब, आम्ही दिवसभर जमिनीशीच असतो. आम्हाला खुर्चीने जमिनीपासून तोडलेलं नाही.

---

कुंभक । १२ जानेवारी, दुपारी २:००

निफाडकर, तुमचा अनुभव मान्य. माझा आक्षेप आधार घेण्याला नाही. सगळ्यांना सरसकट खुर्चीत बसवण्याला आहे.

---

अभ्यासू_पंचवटी । १२ जानेवारी, रात्री ९:२०

कुंभक यांचा मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा, म्हणून थोडं शास्त्राकडे वळतो.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाविषयीचं सूत्र दुसऱ्या पादातलं ४६ वं: स्थिरसुखमासनम्. जे स्थिर आणि सुखाचं ते आसन. त्यात जमिनीचा उल्लेख नाही. पण खरी गंमत पुढे आहे. या सूत्रावर जे व्यासभाष्य आहे, त्यात आसनांची नावं दिली आहेत. पद्मासन, वीरासन, भद्रासन, स्वस्तिक, दंडासन, आणि लगेच पुढचं नाव येतं सोपाश्रय. स-उपाश्रय, म्हणजे आधारासह. या भाष्यावर टीका लिहिणाऱ्या वाचस्पती मिश्रांनी त्याचा अर्थ योगपट्टक घेऊन बसणं असा दिलाय. योगपट्ट म्हणजे कंबर आणि गुडघे यांभोवती बांधायचा पट्टा. हंपीच्या नरसिंहाची भव्य मूर्ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना दोन्ही गुडघ्यांपुढून गेलेला तो पट्टा आठवेल. म्हणजे साक्षात देवालाही शिल्पकाराने आधार देऊनच बसवलंय.

तेव्हा आधार घेतला की योग उणा होतो, हे निदान भाष्यकारांना मान्य नव्हतं. आणि हठप्रदीपिका या हठयोगावरच्या ग्रंथात तर तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, आजारी, दुर्बळ या सगळ्यांना अभ्यासाने सिद्धी मिळते असं स्वच्छ म्हटलंय. अट एकच, आळस नको. अतिवृद्ध आणि दुर्बळ माणूस अभ्यास करणार तो कशाच्या तरी आधारानेच ना?

रानजाई, आईंना हा शब्द सांगून बघा. 'खुर्चीवरचा योग' म्हटलं की उतरल्यासारखं वाटतं. 'सोपाश्रय' म्हटलं तर ती आपली जुनीच वाट आहे.

---

रानजाई । १२ जानेवारी, रात्री ९:४१

अभ्यासू, मनापासून आभार. आत्ताच आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण "तो शब्द परत सांग" म्हणाली.

---

मुळामुठा । १३ जानेवारी, सकाळी ६:५०

पुण्याहून लिहितोय. खुर्ची म्हणजे सौम्य, म्हाताऱ्यांचं, सोपं असं ज्यांना वाटतं त्यांनी अय्यंगार पद्धतीचा वर्ग एकदा बघावा. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत इथेच राहिले. खुर्ची, दोर, पट्टे, विटा, लोड ही सगळी साधनं आसनात कशी वापरायची याचं त्यांनी शास्त्रच उभं केलं. ते स्वतः लहानपणी फार आजारी असत, क्षय, विषमज्वर, मलेरिया सगळं भोगलेलं. दुबळ्या शरीराला आसनापर्यंत कसं न्यायचं हा त्यांचा स्वतःचा प्रश्न होता.

त्यांच्या पद्धतीत घडीची लोखंडी खुर्ची असते, पाठीचा पत्रा काढून टाकलेली. त्या मोकळ्या चौकटीतून पाय पलीकडे घालतात. खुर्चीवर पाठ टाकून विपरीत दंडासन, खुर्चीच्या आधाराने सर्वांगासन असं सगळं त्यात चालतं. आधार असल्यामुळे आसनात दोन-चार मिनिटं सहज थांबता येतं, नुसत्या ताकदीवर वीस सेकंदही थांबता येत नाही. मी ३५ वर्षांचा आहे आणि खुर्चीवरच्या विपरीत दंडासनाने माझी छाती जशी उघडली तशी कशाने उघडली नव्हती.

ही पाठीमागे झुकण्याची आणि उलटी आसनं मात्र जाणकार शिक्षक समोर असतानाच करायची. व्हिडिओ बघून घरी नाही.

---

योगशिक्षिका_इंदिरानगर । १३ जानेवारी, दुपारी ३:३०

चर्चा वाचून राहवलं नाही. मी इंदिरानगरात ज्येष्ठांचा खुर्चीवरचा वर्ग घेते. सध्या १४ जण आहेत, सर्वांत मोठ्या आजी ८४ वर्षांच्या. आपल्या नाशिकला योगाची परंपरा मोठी. विश्वास मंडलिक सरांनी १९७८ मध्ये इथे योग विद्या धाम सुरू केलं, त्यांना २०१८ मध्ये योगासाठीचा पंतप्रधान पुरस्कार मिळाला. या गावात गल्लीगल्लीत योगशिक्षक सापडतो, त्यामागे ती मेहनत आहे. तरीही गुडघे गेले की माणूस वर्गातून गुपचूप नाहीसा होतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. कुणी फोन करून विचारत नाही. म्हणून हा वर्ग सुरू केला.

आमचा एक तास कसा जातो ते लिहिते, म्हणजे आईंना अंदाज येईल.

आधी नुसतं बसणं शिकवते. हे सगळ्यांत अवघड! खुर्चीच्या पाठीला न टेकता, थोडं पुढे सरकून, दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखं वजन. तळवे पूर्ण जमिनीवर. उंची कमी असलेल्या बायकांचे पाय लोंबकळतात, त्यांच्या पायांखाली विटा किंवा जाड वह्यांचा गठ्ठा. पाय टेकले नाहीत तर कंबर ताठ राहूच शकत नाही. पहिले दोन दिवस एवढंच करतो आणि लोक म्हणतात, पाठ दुखली. दुखणारच, वीस वर्षं ती सोफ्यावर निजली होती!

मग बोटं, मनगटं, घोटे, मान. त्यानंतर श्वास घेत दोन्ही हात वर, बसलेलं ताडासन. मग मार्जरासन, हात मांड्यांवर ठेवून श्वास सोडताना पाठ गोल, घेताना छाती पुढे. हे करताना कित्येकांना वर्षांनंतर कळतं की पाठीला मधला भागही असतो. मग भारद्वाजासन. खुर्चीवर आडवं बसायचं, उजवी कूस पाठीच्या बाजूला, आणि दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून हळूहळू उजवीकडे वळायचं. आधी उंच व्हायचं, मग वळायचं. ओढून नाही. नंतर दुसरी बाजू.

त्यानंतर उभं राहणं. खुर्चीमागे जाऊन तिची पाठ धरून वृक्षासन, पण पाय मांडीपर्यंत नेत नाही. टाच दुसऱ्या घोट्याला लावायची, चवडा जमिनीवरच. ज्यांना जमतं ते एक हात सोडतात, मग दुसरा. ८४ वर्षांच्या आजी दोन्ही हात सोडून पाच श्वास उभ्या राहिल्या तेव्हा सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या होत्या.

शेवटी अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि टेकून बसून शवासन. ज्यांना खाली आडवं होता येतं ते पोटऱ्या खुर्चीवर ठेवून जमिनीवर पडतात. कंबरेला इतका आराम दुसऱ्या कशाने मिळत नाही.

कुंभकदादा, तुमचं म्हणणं मला पटतं, खरंच. माझ्या वर्गातले दोघं आठ-नऊ महिन्यांनी परत जमिनीवर बसू लागले. तिघांना डॉक्टरांनी जमीन कायमची बंद केलीय, ते कधीच बसणार नाहीत. पहिल्या दोघांसाठी खुर्ची पायरी होती, या तिघांसाठी तेच घर आहे. दोन्हीला मी योगच म्हणते, कारण श्वास आणि लक्ष दोघांचंही आत असतं. लक्ष टीव्हीत असेल तर पद्मासनही नुसतीच बैठक.

---

चांदवडची_लेक । १३ जानेवारी, दुपारी ४:०२

शेवटचा परिच्छेद आईला फॉरवर्ड केला. टीव्ही बंद करून फोन आला. 🙏

---

प्रेसकाका । १३ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

मी नोटप्रेसमधून निवृत्त, वय ६९. एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण कुणाचं हाड मोडू नये.

मागच्या पावसाळ्यात एका वर्गात गेलो होतो. नाव सांगत नाही. तिथे लग्नाच्या मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, खाली गुळगुळीत फरशी. हात वर करून बाजूला झुकायला सांगितलं. मी झुकलो, खुर्चीचा एक पाय फाकला आणि मी खुर्चीसकट आडवा. मनगटाला बारीक तडा गेला, पाच आठवडे प्लास्टर. शिक्षक चांगला होता, खुर्ची वाईट होती. राग मला याचा आला की पंधरा म्हाताऱ्या माणसांना बसवताना कुणी खुर्ची हलवूनही बघितली नव्हती.

आयुष्यभर यंत्रावर काम केलेला माणूस म्हणून सांगतो, आधी खुर्ची तपासा. लोखंडी किंवा भक्कम लाकडी. चारही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, डुगडुगता कामा नये. चाकं नकोत, फिरणारी नको, गादी फार मऊ नको. हात नसलेली असेल तर वळायला बरं, पण ज्यांचा तोल जातो त्यांना हातवाली चालेल. आणि खाली काहीतरी न घसरणारं अंथरा किंवा खुर्ची भिंतीला लावा. फरशी ओली असेल तर त्या दिवशी सुट्टी.

---

डेस्कवाला । १३ जानेवारी, रात्री ८:३०

काका, चाकांची सूचना वेळेवर मिळाली. मी ऑफिसच्या चाकाच्याच खुर्चीत भारद्वाजासन करून बघणार होतो. शंभर टक्के गोल फिरलो असतो.

---

सूनबाई_सिडको । १४ जानेवारी, सकाळी ११:००

तिळगूळ घ्या, गोड बोला सगळ्यांना. 🌾

माझ्या सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालंय, सांधा बदललाय. घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी उत्साहाने खुर्चीवर बसून पायाच्या अंगठ्याला हात लावायचा व्यायाम सांगितला. नशीब, मी सर्जनला फोन केला. त्यांनी ठणकावून नाही सांगितलं. काही महिने काटकोनाच्या पुढे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, तो पाय आत वळवायचा नाही. नाहीतर सांधा निखळू शकतो. म्हणजे खुर्चीवरचं म्हणून सगळं सगळ्यांना चालतं असं नाही.

---

सांधेजोड । १४ जानेवारी, दुपारी १२:२०

सूनबाई, तुम्ही फोन केलात हे फार बरं केलंत. त्यात भर घालते. हाडं ठिसूळ असतील तर बसूनही पुढे गोल होऊन वाकणं आणि जोर लावून पीळ देणं टाळा, मणका दबून मोडू शकतो. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाईल असं काही नको, डोळ्यातला दाब वाढतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर बसल्यावरून एकदम उठू नका, चक्कर येते. आधी टाचा दहा वेळा हलवा, मग उठा. मधुमेह असेल तर उपाशीपोटी तास घालवू नका आणि पायांना बधिरपणा असेल तर तळवे रोज बघा.

आणि रानजाई, आईंसाठी एक चाचणी. सतरा इंच उंचीची सरळ पाठीची खुर्ची भिंतीला लावा. आईंनी हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे आणि तीस सेकंदात जितक्या वेळा पूर्ण उभं राहून बसता येईल तितकं करायचं. तुम्ही शेजारी उभ्या राहा. अमेरिकेत पडण्याचा धोका तपासायला हीच चाचणी वापरतात. ७० ते ७४ वयाच्या बाईंचा आकडा १० च्या खाली असेल तर पायांची ताकद कमी आहे असं धरतात. गुडघा कळ मारू लागला तर तिथेच थांबा.

उठताना पाय गुडघ्यांच्या जरा मागे घ्यायचे, नाक पावलांच्या पुढे येईल इतकं झुकायचं आणि मग उठायचं. रोजच्या सरावाला सुरुवातीला खुर्चीवर घट्ट घडी केलेली चादर टाकून उंची वाढवा. ताकद आली की चादर काढा.

---

रानजाई । १४ जानेवारी, रात्री ८:१५

केली चाचणी. सहा. आईला दहाचा आकडा सांगितला तर गप्प झाली. मग म्हणाली, "अठरा वर्षं केलं ते गेलं कुठे?" मला उत्तर देता आलं नाही.

---

योगशिक्षिका_इंदिरानगर । १४ जानेवारी, रात्री ८:५०

त्यांना सांगा, कुठे गेलं नाही. खांदे उघडे आहेत, श्वास लांब आहे, शिस्त आहे. नवख्या माणसाला मी हे शिकवायला वर्ष घालवते. तीन महिने पाय वापरले नाहीत म्हणून पायांनी ताकद सोडली, एवढंच.

---

पाऊसवेडा । १५ जानेवारी, सकाळी ६:१०

जरा अवांतर. नाशिकच्या जानेवारीत पहाटे फरशी जी गार असते, तिच्यावर चटई टाकून झोपलं तरी थंडी हाडांत शिरते. माझ्या आजोबांनी याच एका कारणासाठी खुर्ची धरली आणि मार्चमध्ये परत जमिनीवर उतरले. दरवर्षीचा नेम आहे त्यांचा. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी, त्याआधी जमिनीवर बैठक!

---

निफाडकर । १५ जानेवारी, सकाळी ६:३५

निफाडला या मग. आमच्याकडे खुर्चीसुद्धा गार असते. 😀

---

कुंभक । १५ जानेवारी, रात्री १०:३०

'सोपाश्रय' दोन दिवस डोक्यात आहे. भाष्य काढून पुन्हा वाचलं. शब्द तिथे आहे आणि मी तो कित्येक वेळा वाचून पुढे गेलो होतो.

एवढं अजूनही म्हणेन: ज्यांना जमिनीवर बसता येतं त्यांनी ती सोडू नये. पण रानजाईंच्या आईंना मी जे 'व्यायाम म्हणा' असं लिहिलं, ते मागे घेतो. त्यांना माझा नमस्कार सांगा.

---

मुळामुठा । १६ जानेवारी, सकाळी ७:०५

कुंभक, 🙏

---

रानजाई । २ मार्च, सकाळी ९:२५

धागा वर काढते आहे. इतक्या जणांनी इतकं लिहिलंत, पुढे काय झालं ते सांगायला हवं.

आई इंदिरानगरच्या वर्गाला जात नाही, लांब पडतं. पण योगशिक्षिका ताईंनी व्यक्तिगत निरोपात क्रम लिहून दिला आणि दोनदा घरी येऊन बघून गेल्या. डॉक्टरांनाही तो क्रम दाखवला, त्यांनी मान हलवली. खुर्ची आजोबांच्या वेळची, सागवानी. काकांच्या सूचनेप्रमाणे हलवून पाहिली, एक पाय आखूड निघाला, सुताराकडून नीट करून घेतला. पण खाली घसरत होती. तेव्हा आईने काही न बोलता कपाटामागून चटई काढली, झटकली आणि खुर्चीखाली अंथरली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

रोज सकाळी पाऊण तास करते. चाचणीचा आकडा काल नऊ आला. दहा नाही. जिना उतरताना गुडघे अजून दुखतात, त्यात फारसा फरक नाही, हेही प्रामाणिकपणे लिहिते. पण बाथरूममध्ये कठडा धरून उठायची ती आता न धरता उठते. दूध तापेपर्यंत ओट्याला हात लावून एका पायावर उभी असते. आणि संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जुन्या मैत्रिणींना भेटायला परत जायला लागलीय, एक फेरी चालते आणि बाकावर बसते. मैत्रिणींना बाकावर बसल्या बसल्या घोटे फिरवायला लावते.

कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली ती 'सो' लिहिते. सोपाश्रयाचा सो.

---

अभ्यासू_पंचवटी । २ मार्च, सकाळी १०:००

हे वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाही. आईंना साष्टांग... नाही, सोपाश्रय नमस्कार!

---

सांधेजोड । २ मार्च, सकाळी ११:४०

सात आठवड्यांत सहावरून नऊ हे खूप चांगलं आहे. जिन्याचं दुखणं सगळ्यांत शेवटी कमी होतं, तिथे गुडघ्यावर भार सर्वांत जास्त येतो. उतरताना कठडा धरून जास्त दुखरा पाय आधी खाली टाकायला सांगा, चढताना बरा पाय आधी. चादरीची घडी अजून आहे की काढली?

---

रानजाई । २ मार्च, दुपारी १२:०५

अर्धी काढली. उरलेली ती काढू देत नाही, म्हणते दहा झाले की मीच काढीन.

---

चांदवडची_लेक । २ मार्च, दुपारी १२:३०

आमच्याकडेही सुरू करतेय आजपासून. लोखंडी खुर्ची आहे, पण पायांची रबरी बुचं गेलीत आणि फरशीवर चरे पडताहेत. नाशिकमध्ये सुटी मिळतात का?

---

प्रेसकाका । २ मार्च, दुपारी १२:५०

मिळतात. भद्रकालीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. पायाच्या नळीला बाहेरून दोरा गुंडाळून माप घेऊन जा, अंदाजाने आणू नका. सैल बूच नसलेल्यापेक्षा वाईट. आणि पाच घ्या, एक हरवतंच.